तोच ग्रह, तेच यंत्र: ‘स्टार ट्रेक’मध्ये तेच तेच का घडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६६ ते १९६९ या काळातली मूळ ‘स्टार ट्रेक’, म्हणजे एंटरप्राइज या अवकाशजहाजावरच्या माणसांची अमेरिकन मालिका, पहिल्यांदाच पाहायला घेतली, महिनाभरात चाळीसेक भाग झाले, आणि आता पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की आज काय होणार. एक तर कुणी सर्वशक्तिमान परग्रहवासी कॅप्टन कर्कला खेळवणार, नाहीतर एखाद्या ग्रहावर संगणकाचं राज्य असणार आणि कर्क त्याला बोलून बोलून बंद पाडणार, नाहीतर ग्रहच हुबेहूब पृथ्वीसारखा निघणार. लेखकांकडच्या कल्पना संपल्या होत्या का? आणि तसं असेल तर हिला अभिजात का म्हणायचं?

मी बावीस वर्षं टीव्हीसाठी पटकथा लिहितोय. सुरुवात केली ती एका भागात एक गोष्ट संपवणाऱ्या मालिकांपासून, पुढे डेली सोप. ‘स्टार ट्रेक’ लहानपणी, ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली होती. नंतर धंद्यात पडल्यावर सगळे ७९ भाग बसून वहीत उतरवून काढले. प्रत्येक अंक कुठे तुटतो, सुटकेचा मार्ग कशाने बंद केलाय, शेवटचा निर्णय कोण घेतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढंच लिहीत गेलो. पुढचं सगळं त्या वहीच्या आधारावर.

आधी तुमच्या बाजूने बोलतो. पुनरावृत्ती आहे, आणि तुम्ही मोजलीत त्याहून जास्त आहे. तारखाच पाहा. १५ सप्टेंबर १९६६ ला ‘चार्ली एक्स’ दाखवला गेला: एका पोराच्या अंगात अमानवी शक्ती, त्याला आवरायचं कसं. पुढच्याच गुरुवारी, २२ तारखेला, ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’: कर्कच्या जुन्या मित्राच्या अंगात अमानवी शक्ती, त्याला आवरायचं कसं. ६ ऑक्टोबरला ‘द एनिमी विदिन’मध्ये एका कर्कचे दोन झाले, आणि २० ऑक्टोबरला ‘व्हॉट आर लिटल गर्ल्स मेड ऑफ?’मध्ये पुन्हा दोन. दुसऱ्या वर्षी २९ सप्टेंबर ते ३ नोव्हेंबर १९६७ या काळात सहा भाग झाले, त्यांतल्या चार भागांत शत्रू यंत्रच आहे: ‘द चेंजलिंग’, ‘द ॲपल’, ‘द डूम्सडे मशिन’, ‘आय, मड’. त्यानंतरच्या जानेवारी ते मार्चमध्ये एक ग्रह शिकागोतल्या गुंडांचा, एक नाझींचा, एक अमेरिकेची राज्यघटना जपून ठेवणारा आणि एक टीव्ही आलेल्या रोमचा. म्हणजे तुमचा डोळा चुकलेला नाही.

पण ‘कल्पना संपल्या’ हे कारण मात्र खरं नाही. पृथ्वीसारखे ग्रह हा मालिकेचा शेवटचा आसरा नव्हता, तो तिचा पाया होता. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने १९६४ साली तिचा जो प्रस्ताव लिहिला, त्यात समांतर जगांची कल्पना ही सगळ्याची किल्ली म्हणून मांडली आहे, आणि कारणही उघड लिहिलं आहे: पृथ्वीवरचेच नट, तयार सेट, तयार जागा आणि तयार कपडे वापरता येतील, म्हणून विज्ञानकथा परवडेल. मालिका बनवणारा डेसिलू हा काही मोठा स्टुडिओ नव्हता. एक भाग साधारण सहा दिवसांत शूट व्हायचा. ब्रिज, कॉरिडॉर, दवाखाना, ट्रान्सपोर्टर रूम हे कायमचे सेट, आणि ग्रहासाठी बनावट खडक आणि मागे एक मोठा पडदा. त्या पडद्यावर दर आठवड्याला वेगळा रंग टाकायचा: कधी लाल आकाश, कधी जांभळं, कधी हिरवं. त्यापलीकडे काही हवं असेल तर कल्व्हर सिटीत ‘फोर्टी एकर्स’ नावाचं आवार होतं, तिथे अमेरिकन गावाचा सेट कायम उभा असायचा. ‘मिरी’, ‘द रिटर्न ऑफ द आर्कॉन्स’ आणि ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या तिन्ही गोष्टी त्याच रस्त्यांवर घडतात. आमच्याकडे एकच बंगला तीन मालिकांमध्ये तीन कुटुंबांचं घर होतो, तसंच हे. लेखकाला आधी सांगितलं जातं की हा रस्ता आहे, हे कपडे आहेत, आता गोष्ट आण. रोमन चिलखतं गोदामात पडून असतील तर रोमन ग्रह निघणारच.

दुसरं कारण लेखक कसे नेमले जायचे यात आहे. आज अमेरिकेतल्या मालिकेला लेखकांची एक टीम असते, सगळे रोज एका टेबलाभोवती बसतात, त्यामुळे कोण काय लिहितंय ते सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा तसं नव्हतं. निर्माता आणि स्टोरी एडिटर एवढेच पगारी. बाकी पटकथा बाहेरच्या लेखकांकडून एकेक विकत घ्यायची. थिओडोर स्टर्जन, रिचर्ड मॅथेसन, रॉबर्ट ब्लॉक, हार्लन एलिसन अशी नावाजलेली माणसं त्यात होती. पहिल्या वर्षीच्या कितीतरी पटकथा मालिकेचा एकही भाग टीव्हीवर यायच्या आधी ठरल्या होत्या. जी मालिका कुणी पाहिलेलीच नाही, तिच्यासाठी दहा हुशार माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. त्यांतले चार जण ‘देवासारखा परग्रहवासी’ घेऊन येतील, कारण अवकाश म्हटल्यावर सगळ्यात आधी तेच सुचतं. मग त्या पटकथा रॉडनबेरी, निर्माता जीन कून आणि स्टोरी एडिटर डी. सी. फाँटाना यांच्या हाताखालून जायच्या, आणि बहुतेक पुन्हा लिहिल्या जायच्या. त्यामुळे वेगवेगळ्या माणसांच्या गोष्टींना एकाच हाताचं वळण यायचं.

कूनचा वेग तर अफाट होता. ‘अरीना’ त्याने लिहिला, आणि स्टुडिओतल्या तपासणीत कुणाच्या तरी लक्षात आलं की फ्रेडरिक ब्राउनची १९४४ सालची एक कथा याच्याशी फारच जुळते. मग त्या लेखकाला रीतसर मोबदला आणि श्रेय दिलं गेलं. मला यात चोरी दिसत नाही. आठवडाभरात पटकथा उभी करणाऱ्या माणसाच्या डोक्यात वाचलेलं आणि सुचलेलं एकमेकांत कसं मिसळतं, ते मी स्वतः अनुभवलंय, आणि ते कळल्यावर पोटात जो गोळा येतो तोही.

प्रसारणाच्या क्रमाचाही यात वाटा आहे. भाग शूट झाले त्या क्रमाने दाखवले जात नव्हते. ‘व्हेअर नो मॅन’ हा तर दुसरा पायलट, म्हणजे मालिका विकण्यासाठी काढलेला नमुना भाग, १९६५ सालीच शूट झालेला, पण तो तिसऱ्या आठवड्यात लागला. ट्रिक शॉट्स प्रयोगशाळेतून यायला वेळ लागायचा, त्यामुळे जे तयार असेल आणि चॅनेलला जे आधी दाखवावंसं वाटेल ते पुढे जायचं. एपिसोडची बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, सांभाळलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. दोन सारख्या गोष्टी एकमेकींपासून दहा आठवडे लांब ठेवायच्या असं लेखकाने ठरवावं, आणि बँकेत तेवढ्या दोनच तयार असाव्यात, हे नेहमीचं आहे.

आता ट्रान्सपोर्टरबद्दल, कारण सगळ्यात जास्त साचेबंदपणा त्यानेच आणला. दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं चमकत नाहीशी होतात आणि खाली उमटतात ही युक्ती निघाली. उत्तम युक्ती. पण त्याबरोबर पटकथेत कायमचा एक मागचा दरवाजा उघडा राहिला. संकट आलं की कम्युनिकेटर उघडायचा, ‘वर घ्या’ म्हणायचं, गोष्ट खलास. म्हणून प्रत्येक लेखकाला पहिल्या अंकातच तो दरवाजा बंद करावा लागे: आयन वादळ येतं, कम्युनिकेटर हिसकावले जातात, ढाली चढवल्यामुळे कुणाला वर घेता येत नाही, ग्रहाभोवती शक्तीचं कवच निघतं. तुम्हाला जे ‘पुन्हा तेच’ वाटतं त्यातला निम्मा भाग हे दरवाजे बंद करण्याचं काम आहे. मी एका भीतीकथांच्या मालिकेवर होतो तेव्हा प्रत्येक वन-लाइनमध्ये, म्हणजे भागाच्या थोडक्यात लिहिलेल्या गोष्टीत, एक वाक्य असायचंच: मोबाइलची रेंज गेली. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, महाराष्ट्रात एकाही वाड्यात टॉवर नाही का? पण रेंज असती तर तिसऱ्या मिनिटाला पोलीस आले असते.

आणि गोष्ट टीझर (सुरुवातीचा छोटा प्रसंग) अधिक चार अंकांत बसवायची. प्रत्येक अंकाच्या शेवटी जाहिरात, म्हणून प्रत्येक अंकाच्या शेवटी धोका. शेवटी सगळं जागच्या जागी आलं पाहिजे, कारण पुढचा भाग कुठलाही असू शकतो. ६ एप्रिल १९६७ ला कर्कच्या डोळ्यांदेखत त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती ईडिथ कीलर मरते, आणि तिला वाचवू पाहणाऱ्या जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयला त्यानेच धरून ठेवलेलं असतं. पुढच्या आठवड्यात, १३ तारखेला, ‘ऑपरेशन: ॲनाइहिलेट!’मध्ये त्याचा सख्खा भाऊ मेलेला सापडतो. त्यानंतर दोन वर्षं मालिका चालली, पण या दोन मृत्यूंचा कर्कवर काही परिणाम राहिलेला दिसत नाही. मला व्यक्तिशः हीच या मालिकेची खरी उणीव वाटते. ग्रहांचं सारखेपण मी चालवून घेतो. पण माणूस दर आठवड्याला कोरा होऊन येतो हे मनाला लागतं.

यात पाहण्याच्या पद्धतीचीही भर पडते. आठवड्यातून एक भाग, रेकॉर्ड करायची सोय नाही, चुकला तर उन्हाळ्यातल्या पुनःप्रसारणाची वाट पाहा: अशा प्रेक्षकाला जानेवारीतल्या आणि मार्चमधल्या गोष्टीचं साम्य फारसं टोचत नाही. १९६९ नंतर अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांनी हीच मालिका रोज ठरलेल्या वेळी लावायला सुरुवात केली, आणि तेव्हाच ती खरी लोकप्रिय झाली. साचे ओळखीचे झाले तेही तेव्हाच. तुम्ही महिन्यात चाळीस पाहिलेत. हे खिरापत वाटीभरून खाण्यासारखं आहे. ती चिमूटभरच खायची असते.

इथपर्यंत कारणं झाली. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, की मग अभिजात का, त्याचं उत्तर कारणांत नाही. आपण कीर्तन ऐकतो तेव्हा आख्यान सगळ्यांना पाठ असतं. बुवांनी पूर्वरंगात कुठला अभंग घेतलाय त्यावर तेच आख्यान वेगळं होतं. ‘स्टार ट्रेक’मध्ये ग्रह, यंत्र आणि सर्वशक्तिमान परका हे आख्यान आहे. वहीत शेवटच्या निर्णयाचा रकाना भरायला लागलो तेव्हा मला अभंग दिसायला लागला. अडचण तीच असते. त्या अडचणीपुढे कोणाला काय ठरवावं लागतं, ते वेगळं असतं. जिथे तेही तेच राहिलं तिथे भाग खरंच शिळा आहे, आणि मी त्याची बाजू घेणार नाही.

एक जोडी जवळून पाहू. पहिलाच प्रसारित भाग, ८ सप्टेंबर १९६६ चा ‘द मॅन ट्रॅप’: एक अनोळखी प्राणी माणसं मारतोय. ९ मार्च १९६७ चा ‘द डेव्हिल इन द डार्क’: एक अनोळखी प्राणी माणसं मारतोय. सांगाडा एकच. पहिल्यात तो प्राणी त्याच्या जातीतला शेवटचा आहे, त्याला जपणारा शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या बायसनच्या (रानगव्यांच्या) कळपांची आठवण करून देतो, पण प्राणी माझी माणसं मारतोय हे कर्कचं उत्तर सगळ्यावर मात करतं, आणि शेवटी मॅकॉय गोळी घालतो. निर्णय जड आहे, पण सरळ आहे.

दुसऱ्यात कूनने काय केलंय बघा. जेनस-६ या ग्रहावरच्या खाणीत पन्नासेक कामगार मेलेत. कर्कचा सहकारी अधिकारी स्पॉक, त्याला शंका येते की हा सिलिकॉनचा बनलेला जीव आहे आणि कदाचित एकुलता एक आहे. तो पकडण्याबद्दल बोलतो. कर्क त्याला थांबवतो: दिसला की मारायचा. मग बोगद्यात दोघे वेगळे होतात आणि कर्क एकटा त्या प्राण्यासमोर, म्हणजे हॉर्टासमोर, येतो. प्राणी जखमी आहे, चाल करत नाही, फक्त समोर थांबून राहतो. कर्कच्या हातात शस्त्र आहे आणि तो ते चालवत नाही. कम्युनिकेटरवर स्पॉक आहे. कॅप्टन धोक्यात आहे हे कळताच तोच स्पॉक, जो मघाशी जीव वाचवायला सांगत होता, म्हणतो की मारून टाका, ताबडतोब. आणि आता कर्क नको म्हणतो. दोघांनी आपापल्या जागा बदलल्या, आणि कुणी त्याबद्दल एक वाक्यही बोलत नाही. स्पॉकचं कर्कवर किती प्रेम आहे हे तीन वर्षांच्या मालिकेत इतक्या कमी शब्दांत क्वचितच आलंय. पुढे कळतं की खाणकाम करणाऱ्यांनी हजारोंनी फोडून टाकलेले ते सिलिकॉनचे गोळे म्हणजे तिची अंडी होती. ती आई आहे. या भागाने मला शिकवलं की पटकथेतला ‘ट्विस्ट’ माहितीत नसतो. अंड्यांचं गुपित आधीच कळलं तरी हा भाग पुन्हा पाहता येतो, कारण जागा बदलण्याचा तो क्षण गुपितावर उभा नाही.

यंत्रांच्या कुळाकडेही असंच पाहा. ९ फेब्रुवारी १९६७ ला ‘द रिटर्न ऑफ द आर्कॉन्स’ आला. लँड्रू नावाचा पुढारी सहा हजार वर्षांपूर्वी मेलाय, त्याच्या नावाने एक संगणक राज्य करतोय, लोक शांत आणि निर्जीव आहेत. कर्क संगणकाला विचारतो की तू लोकांची सर्जनशीलता मारलीस, मग तू त्यांचं भलं केलंस का? संगणक जळून जातो. कुणाच्या समाजात ढवळाढवळ करू नये हा नियम, प्राइम डायरेक्टिव्ह, याच भागात पहिल्यांदा उच्चारला जातो आणि याच भागात मोडला जातो: तो जिवंत, वाढत्या समाजासाठी आहे, इथे तसं काही नाही, असं कर्क ठरवून टाकतो. हे फार सोपं उत्तर आहे, आणि लेखकांनाही ते सोपं वाटलं असावं, कारण बरोबर दोन आठवड्यांनी ‘अ टेस्ट ऑफ आर्मगेडन’ आला.

इथेही ग्रह आहे, संगणक आहे, आणि शेवटी कर्क संगणक फोडतो. पण इथे यंत्र कुणावर राज्य करत नाही. एमिनियार आणि व्हेंडिकार हे दोन ग्रह पाचशे वर्षं लढताहेत, फक्त बॉम्ब पडत नाहीत. हल्ला संगणकावर होतो, मेलेल्यांची यादी संगणक काढतो, आणि यादीतले लोक आपल्या पायांनी चालत विघटनाच्या खोलीत जातात. मीआ नावाची एक तरुण मुलगी कर्कला सांगते की मी मृत म्हणून जाहीर झाले आहे, उद्या दुपारपर्यंत मला हजर व्हायचंय. ज्या आवाजात आपण पासपोर्टची अपॉइंटमेंट सांगतो त्या आवाजात. हा प्रसंग मी शिकवताना दरवर्षी दाखवतो. नटीने आवाज जराही कापरा केलेला नाही, संगीत चढत नाही, आणि त्यामुळेच समोर बसलेल्यांच्या अंगावर काटा येतो. कर्क यंत्रं उद्ध्वस्त करतो तेव्हा त्या लोकांना स्वातंत्र्य मिळत नाही. त्यांना खरं युद्ध परत मिळतं, रक्ताचं आणि ढिगाऱ्यांचं, म्हणजे भीतीपोटी तरी ते बोलणी करतील. ही जोखीम आहे. चुकली तर दोन ग्रह संपतील. व्हिएतनामचं युद्ध रोज संध्याकाळच्या बातम्यांत आकड्यांनी सांगितलं जात होतं त्या दिवसांत हे घराघरांत दाखवलं गेलं.

पुढे ८ मार्च १९६८ चा ‘द अल्टिमेट कॉम्प्युटर’. एम-५ हे यंत्र जहाज चालवायला घेतं, बिघडतं, माणसं मारतं, कर्क त्याला खुनाची शिक्षा विचारतो आणि ते स्वतःला बंद करतं. शेवट अक्षरशः जुनाच. पण या भागाचं हृदय मध्येच आहे. एम-५ सरावात जिंकतो, आणि समोरच्या जहाजावरचा कमोडोर पडद्यावरून अभिनंदन करताना कर्कला ‘कॅप्टन डन्सेल’ म्हणतो. ब्रिजवर सगळे गप्प. कर्क काही न बोलता उठून जातो. मॅकॉय विचारतो की डन्सेल म्हणजे काय, आणि स्पॉक सांगतो: अकादमीतल्या मुलांचा शब्द आहे, ज्याचा काही उपयोग उरलेला नाही असा सुटा भाग. १९६८ सालच्या गिरणी कामगाराला, टेलिफोन ऑपरेटरला हे काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको; आज माझ्या धंद्यातल्या तरुण लेखकांनाही ते दचकून ऐकू येतं. आणि यंत्राचा निर्माता डेस्ट्रम, विल्यम मार्शल या थोर नटाने उभा केलेला: ऐन तारुण्यात एक प्रचंड शोध लावलेला आणि मग पंचवीस वर्षं त्या शोधाच्या सावलीत जगलेला माणूस. तुम्ही ‘पुन्हा कर्कने संगणकाला बोलून मारलं’ असं लिहून हा भाग बाजूला ठेवला असेल तर परत काढा.

‘द डूम्सडे मशिन’ही याच कुळातला, फक्त या यंत्राला कान नाहीत. त्याच्याशी वाद घालता येत नाही, म्हणून नॉर्मन स्पिनरॅडने सगळा वाद माणसांत आणला: सगळी माणसं गमावलेला कमोडोर डेकर हुद्द्याच्या जोरावर एंटरप्राइज ताब्यात घेतो, आणि तो आजारी आहे हे मॅकॉयला दिसत असूनही त्याने रीतसर तपासलेलं नाही म्हणून त्याला हटवता येत नाही. (त्यातलं मोडकं जहाज म्हणजे बाजारात मिळणारं प्लॅस्टिकचं मॉडेल, जाळून काळं केलेलं, त्याचा क्रमांक १०१७, कारण डब्यात एंटरप्राइजच्या १७०१ या क्रमांकाचेच आकडे होते.)

आता न जमलेल्यांबद्दल. ‘द ओमेगा ग्लोरी’मध्ये यँग आणि कोम अशा दोन टोळ्या लढताहेत, आणि शेवटी कर्क त्यांना अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रस्तावना वाचून दाखवतो. कुणालाच काही ठरवावं लागत नाही. जे प्रेक्षकाला भाग सुरू होण्याआधी पटलेलं आहे, तेच शेवटी मोठ्या आवाजात सांगितलं जातं. गंमत म्हणजे ही दमलेली वाटणारी गोष्ट मुळात दुसऱ्या पायलटसाठी विचारात घेतलेल्या पटकथांपैकी एक होती. म्हणजे हे कल्पना संपल्याचं लक्षण नव्हे. सुरुवातीलाच कच्ची असलेली कल्पना तीन वर्षं टेबलावर पडून होती, एवढंच. तिसऱ्या वर्षीच्या ‘अँड द चिल्ड्रन शॅल लीड’बद्दलही मला फार बोलायचं नाही.

त्या तिसऱ्या वर्षाबद्दल मात्र न्यायाने बोललं पाहिजे. वेळ शुक्रवारी रात्री दहाची, पैसे कापलेले, कून मालिका सोडून गेलेला, रॉडनबेरी लांब झालेला. जहाजाबाहेर पडणंच महाग, म्हणून कितीतरी गोष्टी कॉरिडॉरमध्येच घडतात. ‘द मार्क ऑफ गिडियन’मध्ये तर जहाजाच्या रिकाम्या सेटवरच एक भाग उभा केलाय. पण याच टंचाईतून ‘स्पेक्टर ऑफ द गन’ आला. काउबॉयचं पूर्ण गाव बांधायला पैसे नव्हते, म्हणून नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या, मागे लाल आकाश, भिंतीशिवाय हवेत लटकणारं घड्याळ. परक्यांनी कर्कच्या डोक्यातून अर्धवट उचललेलं गाव असं त्याचं कारण गोष्टीत घातलं, आणि तो अपुरा सेट स्वप्नासारखा दिसायला लागला. ‘द एम्पाथ’ तर जवळपास काळ्या, रिकाम्या रंगमंचावर झालाय. हे दोन्ही भाग माझ्या प्रायोगिक नाटकवाल्या मित्रांना फार आवडतात.

तर उरलेले भाग आठवड्याला दोनपेक्षा जास्त पाहू नका. आणि शक्य असेल तर जोड्या लावून पाहा. पहिली जोडी मी सांगतो: ‘चार्ली एक्स’ आणि १२ जानेवारी १९६७ चा ‘द स्क्वायर ऑफ गॉथॉस’. दोन्हींत मनात येईल ते घडवणारा एक जण एंटरप्राइजला वेठीस धरतो, तो खरं तर पोरच निघतो, आणि शेवटी मोठी माणसं येऊन त्याला घेऊन जातात. ‘गॉथॉस’मधल्या ट्रेलेनचे आईवडील आकाशातून रागावतात, खेळ संपला म्हणतात, तो हुंदके देत मी जिंकलो असतो म्हणतो, आणि कर्क सुटतो. चार्लीला न्यायला थेशियन, त्याला जगवणारे परग्रहवासी, येतात. चार्लीने जहाजावरच्या माणसांचे हाल केलेत, तरी कर्क त्याच्यासाठी शब्द टाकतो, की पोराची जागा त्याच्या माणसांत आहे. थेशियन नाही म्हणतात: ही शक्ती आम्हीच त्याला जगण्यासाठी दिली, ती आता काढता येत नाही, तो तुम्हाला संपवेल किंवा तुम्हाला त्याला संपवावं लागेल. चार्ली रडत सांगतो की मला त्यांच्याकडे पाठवू नका, त्यांना अंगच नाही, मला त्यांना साधा स्पर्शही करता येत नाही. मला इथे राहायचंय, म्हणतो. मग तो दिसेनासा होतो आणि ‘राहायचंय’ एवढाच आवाज ब्रिजवर विरत जातो. जहाज वाचलेलं असतं, आणि कुणीही हसत नाही.